थेट बॅटरीवरून

माझ्या सात साड्यांना भोकं पडली ती चिमाजी खोडेमुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागले तर कुणी म्हणायला नको की बाईंनी बाजू घेतली. पंचवटीत, आडगाव नाक्याच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर माझी टायपिंगची संस्था होती आणि बरोबर खाली चिमाजीचं बॅटरीचं दुकान. दुकान लहान, म्हणून गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या तो आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर मांडून ठेवायचा. पदर टेकला की त्या वेळी काही कळायचं नाही. धुतल्यावर कळायचं. मी भांडायला खाली गेले की तो खाण्याच्या सोड्याची पुडी पुढे करायचा आणि शांतपणे म्हणायचा, "बाई, लगेच लावला असता तर वाचली असती." म्हणजे चूक माझी. मी वेळेवर सोडा लावला नाही.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. लिहिताना 'तो' येतोय, तर येऊ दे. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडले त्याला लांबून नमस्कार घालणं मला जमायचं नाही.

चिमाजी माळ्याच्या घरचा. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा होता. तीन पिढ्या गुलाब आणि झेंडू, आणि हंगामात कोथिंबीर. त्याची बायको रंगूबाई रोज उजाडताना पाट्या घेऊन फूलबाजारात जायची. अख्ख्या भाऊबंदकीत चिमाजी एकटाच असा निघाला की ज्याला गुलाबापेक्षा अ‍ॅसिडचा वास बरा वाटला. मळ्यातल्या पंपाचा स्टार्टर दुरुस्त करता करता तो बॅटरीकडे वळला आणि पुन्हा फुलांकडे फिरकला नाही. पिंपळगावहून द्राक्षं घेऊन मुंबईला निघालेले टेम्पोवाले त्याच्याकडे थांबायचे, कारण चिमाजीने हात लावलेली गाडी कसारा घाटात बंद पडत नाही अशी त्यांची खात्री होती.

त्याच्या कामाची एक रीत होती. गाडीत काहीही बसवायचं असो, टेप असो, पंखा असो, गणपतीपुढचा दिवा असो, तो तार थेट बॅटरीवरून ओढायचा. बाकीचे मेकॅनिक हाताशी येईल त्या तारेला जोड देत, वर काळी टेप गुंडाळत आणि चहा प्यायला जात. चिमाजी बॉनेट उघडायचा. दोन जाड तारा, दोन्हींना बॅटरीजवळच फ्यूज, मधे कुठेही सांधा नाही. जिथे तार पत्र्यातून आत जाते तिथे रबराची गोल पट्टी, नाहीतर पत्रा तार कापतो. पाच मिनिटांच्या कामाला दीड तास. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचा, "मधल्याकडून घेतलं की मधला गरम होतो."

हेच तत्त्व त्याने जगण्यालाही लावलं होतं. लग्न ठरायच्या वेळी मध्यस्थाला घरी बसवून तो स्वतः बागलाणात नामपूरला गेला आणि मुलीच्या बापासमोर बसून म्हणाला, "मी चिमाजी. मला तुमची मुलगी पसंत आहे. तिला मी पसंत आहे का, एवढं विचारून या." बाप म्हणे इतका गांगरला की खरंच आत गेला आणि विचारून आला. थेट गेल्यामुळे लवकर झालेलं त्याच्या आयुष्यातलं हे एकमेव काम. बाकी रेशनकार्ड असो, विजेचा मीटर असो, दुकानाचा दाखला असो, प्रत्येक कचेरीबाहेर टपरीवर एजंट बसलेला असायचा आणि चिमाजी त्याला ओलांडून सरळ खिडकीशी जायचा. खिडकीतला माणूस त्याला पाहून बावचळायचा. अशी सरळ आलेली माणसं पाहायची त्याला सवयच नव्हती. तो म्हणायचा, उद्या या. चिमाजी खरंच उद्या जायचा.

आता मुख्य गोष्ट. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार बॅटरी भरायला येत. त्यांनी चिमाजीला हौशी रेडिओचं वेड लावलं. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग स्वतःचं असं अक्षर-आकड्यांचं सांकेतिक नाव मिळतं आणि आपल्या सेटवरून हवेतून जगाशी बोलता येतं, फुकट, आणि मधे कुणी नाही. हे शेवटचं ऐकलं आणि चिमाजी संपलाच.

सुभेदारांनी त्याला एक जुना रिसीव्हर दिला. फक्त ऐकण्याचा. चिमाजीने तो दुकानात गाडीच्या बॅटरीला जोडला, अर्थातच दोन फ्यूज घालून. रोज सकाळी सात वाजता देशभरातले आठ-दहा हौशी लोक त्यावर एकमेकांना नमस्कार करत. हैदराबादचे एक वृद्ध डॉक्टर होते, त्यांना दमा होता. पुण्याचा एक प्राध्यापक होता. भोपाळचा एक रेल्वेतला माणूस होता, तो रोज तापमान सांगायचा. चिमाजी दुकान उघडून, स्टुलावर बसून, हात मांडीवर ठेवून ऐकायचा. डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं, ती नांदायला गेली, तिला जुळं झालं, हे सगळं त्याला ठाऊक. डॉक्टर दोन दिवस आले नाहीत तर याचं कामात लक्ष नसायचं. त्या लोकांना मात्र नाशिकमध्ये असा कुणी बसलाय याचा पत्ता नव्हता.

एकदा रंगूबाई फुलांच्या रिकाम्या पाट्या घेऊन दुकानात आली आणि डब्यातून खोकल्याचा आवाज ऐकून दचकली. "हाई काय शे?" ती म्हणाली. घाबरली की तिला माहेरची बोली यायची.

"हैदराबादचे डॉक्टर," चिमाजी म्हणाला.

"मंग बोला ना त्यांच्यासंगं. औषध काय घेत्यात ते तरी इचारा."

"परवाना नाही."

"आजारी मानसाला इचाराया परवाना लागतो व्हय?"

"लागतो," चिमाजी म्हणाला. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

परीक्षा इंग्रजीतून होती, म्हणून तो वर माझ्याकडे आला. माझ्या संस्थेत मुली 'एएसडीएफ' बडवत असायच्या आणि कोपऱ्यात हा चाळिशीचा माणूस, हाताला अ‍ॅसिडचे डाग, विजेचे नियम इंग्रजीत पाठ करायचा. शिवाय कट्ट-कडकट्ट असे सांकेतिक ठोकेही परीक्षेला होते. त्यासाठी त्याने हॅकसॉच्या पात्याची एक कळ बनवली आणि दिवसभर खाली ती वाजवत बसला. महिन्याभरात माझ्या सगळ्या मुली त्याच तालात टाईप करू लागल्या. त्या वर्षी संस्थेचा निकाल घसरला. चिमाजी मात्र मुंबईला जाऊन पहिल्या फटक्यात पास झाला.

हे त्र्याण्णव साल. परवाना यायला मधे फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. फक्त म्हणते खरी.

चौकशीला आमच्या ठाण्यातले गोरक्ष हवालदार आले. पोटाने मोठे, स्वभावाने गरीब, आणि अक्षर मात्र मोत्याचे दाणे. त्यांचा एक नियम होता, जसं दिसेल तसं लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आमच्या ठाण्यात हा नियम पाळणारे ते एकटेच असावेत.

"कोनाशी बोलायचंय?" त्यांनी कागद मांडीवर घेऊन विचारलं.

"जे ऐकतील त्यांच्याशी."

"नावं सांगा."

"अजून माहीत नाहीत. बोलल्यावर कळतील."

"विषय काय?"

"हवामान. तब्येत."

"तब्येत कोनाची?"

"त्यांची. ज्याची असेल त्याची."

गोरक्ष हवालदारांनी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग लिहिलं, 'सदर इसम अनोळखी लोकांशी त्यांच्या तब्येतीबद्दल बोलू इच्छितो.' जसं दिसलं तसं. तो कागद वर गेला आणि वरच्यांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं. दुसऱ्यांदा चौकशी झाली, तिसऱ्यांदा झाली. नाक्यावरच्या एजंटाने सांगून पाहिलं की अशा फाइली हलवायच्या असतात, आपोआप हलत नाहीत. चिमाजीने त्याला वळसा घातला आणि दर सहा महिन्यांनी दिल्लीला थेट पत्र लिहायला सुरुवात केली. ती पत्रं मी टाईप करून दिली. एकूण आठ. उत्तर एकाचंही आलं नाही.

चार वर्षं अशी गेली. रोज सकाळी सात वाजता तो हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. आता सांगते, या माणसाला जगात दुसरं काहीही नको होतं. मोठं दुकान नको होतं, घरावर मजला नको होता. एकदा, परवान्यानिशी, आपल्या नावाने हवेत नमस्कार घालायचा होता.

मग निवडणुका आल्या आणि त्यांच्याबरोबर खंडेराव आले. खंडेराव आमच्या भागातलं उगवतं नेतृत्व. असं त्यांच्याच फलकावर लिहिलेलं होतं आणि फलक त्यांनीच लावला होता. बारा वर्षं ते नुसते उगवत होते. त्या वर्षी तिकीट मिळालं आणि ते जीप घेऊन दुकानासमोर उभे राहिले. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला, जोडीतला एक वायरलेस सेट होता, मुंबईहून कुणाकडून तरी आणलेला.

"चिमाजीशेठ, हा डबा बसवायचा," खंडेराव म्हणाले. "आणि एरियल मागं, लांबलचक. माणसानं लांबून बघितलं तरी वाटलं पाहिजे, कोणीतरी आलं."

"परवाना आहे का?"

"अहो मतदान पंधरा दिवसांवर आलं. परवाना काय करायचाय?"

"मग नाही बसवणार."

खंडेराव हसले. गळ्यातलं उपरणं झटकून ते चिमाजीच्या स्टुलावरच बसले. "तुमची ती दिल्लीची फाईल अडकलीय म्हणे. आपला माणूस आहे दिल्लीत. आठ दिवसांत कागद तुमच्या हातात. तुम्ही एवढं करा, मी तेवढं करतो. बोला."

मी जिन्यात उभी होते. बॅटऱ्यांमधून पदर सांभाळत खाली उतरत होते ती तिथेच थांबले. चिमाजीने हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. आठ दिवस. चार वर्षांपुढे आठ दिवस म्हणजे काय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"हा तुमचा माणूस म्हणजे मधलाच ना?" शेवटी त्याने विचारलं.

"मधलाच. मधल्याशिवाय जगात काय होतं का चिमाजीशेठ?"

"नको मग," तो म्हणाला.

खंडेराव गेल्यावर मी त्याला इतकं बोलले की मला स्वतःलाच नवल वाटलं. माझी आठ पत्रं फुकट गेली होती, त्याचाही राग होता. "अहो, एक जीप! सगळं गाव हेच करतं! तुम्ही काय मोठे लागून गेलात?" त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, साडीला लागलंय. सोडा देऊ?"

खंडेरावांनी सेट दुसऱ्या नाक्यावर बसवून घेतला. तिथल्या मेकॅनिकने वीस मिनिटांत, हॉर्नच्या तारेवरून जोड देऊन, वर टेप गुंडाळून तो चालू केला. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. जीपवर फुलांचे हार, मागे लवलवणारं एरियल, आणि पुढच्या सीटवर उभे राहून माईक तोंडाशी धरलेले खंडेराव. पलीकडच्या टोकाला दुसरा सेट घेऊन त्यांचा मेव्हणा होता. खंडेरावांनी बटण दाबून पहिला हुकूम सोडला, "कार्यकर्त्यांना दोनशे प्लेट मिसळ पाठव. रस्सा वेगळा."

हा हुकूम मेव्हण्याला ऐकू आलाच, पण शहरातल्या पोलिसांच्या प्रत्येक गाडीतही ऐकू आला. सेट मुंबईहून येताना कुणाच्या लहरीवर लावलेला होता हे कुणी पाहिलं नव्हतं. नियंत्रण कक्षातून दरडावून विचारणा झाली, "मिसळ मागणारे आपण कोण?" खंडेरावांना वाटलं मेव्हणा चेष्टा करतोय. त्यांनी सांगितलं, "तुझा बाप."

पुढे गर्दी होती म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हॉर्न वाजला की सेट मरायचा, हॉर्न थांबला की खंडेराव पुन्हा पोलिसांना मिसळीबद्दल बजावायचे. असं मालेगाव स्टँडपर्यंत चाललं. तिथे खंडेरावांनी बटण दाबून धरलं आणि वॉर्डाच्या विकासावर बोलायला घेतलं. ती बिचारी हॉर्नची बारीक तार, तिला विकास झेपला नाही. डॅशबोर्डमधून आधी वास आला, मग धूर आला, मग खंडेराव उडी मारून हारांसकट ढोलवाल्यांत पडले. पाच मिनिटांत पोलीस आले आणि जीप ओढून ठाण्यात नेली.

जीप खंडेरावांच्या नावावर नव्हती. सेट कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "आपण नुसते उभे होतो," खंडेराव म्हणाले, "वायरलेसचं वेड असलेला आमच्या भागात एकच माणूस आहे, आडगाव नाक्याला बघा." पोलिसांनी आडगाव नाक्याला पाहिलं.

दुपारी एकला चिमाजीला बोलावणं आलं आणि सव्वाएकला मला. पंच म्हणून शिकलेली दोन माणसं पाहिजे होती. दुसरे पंच होते शेजारचे छत्र्यावाले. आम्ही ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभे राहिलो. फौजदार नवे होते, घाईत होते.

"सेट चालू स्थितीत आहे असं पंचनाम्यात पाहिजे," ते म्हणाले. "बंद डब्याची केस उभी राहत नाही. काय हो, तुम्हाला येतं ना यातलं? चालू करून दाखवा." आणि ते जेवायला निघून गेले.

चिमाजीने जीपचा डॅशबोर्ड उघडला, आत डोकावला, आणि तोंड असं केलं, जणू कुणी ताटात खडा वाढलाय. वितळलेली टेप, काळी पडलेली तार, तीन सांधे. "बघा हो बाई," तो मला म्हणाला, "याला काम म्हणत्यात." हॉर्नच्या तारेला पुन्हा दोन टोकं लावली असती तरी सेट क्षणभर लागला असता आणि आम्ही सगळे घरी गेलो असतो. पण चिमाजी दुकानात गेला आणि पिशवी घेऊन आला. जाड तारा, दोन फ्यूज, रबराची पट्टी, तारांना सोल्डरचा डाग द्यायची इस्त्री, टर्मिनलला लावायचं व्हॅसलीन. बॉनेट उघडलं. मला उन्हात घाम फुटला होता, चारची बॅच यायची होती, आणि हा माणूस ज्या जीपने त्याला गोत्यात आणलं तिच्या पत्र्याच्या भोकाची धार कानशीने घासत होता, तारेला इजा होऊ नये म्हणून.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी घड्याळ पाहत होते.

दीड तासाने सेट लागला. असा स्वच्छ लागला की ठाण्यातले शिपाई बघायला बाहेर आले. चिमाजीने बटणाला हात लावला नाही, लागलाय एवढं दाखवून तो बाजूला झाला. आणि मग गोरक्ष हवालदार आतून येऊन मांडीवर कागद घेऊन बसले आणि त्यांनी लिहायला घेतलं. जसं दिसलं तसं. 'सदर वायरलेस सेट जीपच्या बॅटरीस दोन जाड तारांनी, मधे कोठेही सांधा न देता, फ्यूज लावून थेट जोडलेल्या व चालू स्थितीत मिळून आला.'

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. चिमाजी लक्ष देऊन ऐकत होता.

"फ्यूज एक नाही, दोन," तो म्हणाला. "दोन्ही तारांना. तेवढं नीट लिहा."

हवालदारांनी दुरुस्ती केली. ठाण्याच्या फोटोवाल्याने उघड्या बॉनेटखालचा फोटो काढला. छत्र्यावाल्यांनी सही केली. मीही केली. मी, जी मुलींना सांगते की वाचल्याशिवाय कागद यंत्रातून काढू नका, मी चारची बॅच गाठायला न वाचता सही ठोकली. आदली सगळी जळकी तार चिमाजीने नीट गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, आवार स्वच्छ राहावं म्हणून. फौजदार ढेकर देत परत आले, त्यांनी पंचनामा वाचला आणि म्हणाले, "असं सफाईदार काम गावात कोण करतं?" तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी चिमाजीकडे पाहिलं.

खंडेराव त्या निवडणुकीत पडले, पण खटल्यात त्यांचं नाव आलं नाही. आलं ते चिमाजीचं. विनापरवाना वायरलेस बसवला. दोन वर्षांनी तारीख लागली. वकिलांनी त्याला समजावलं की गुन्हा किरकोळ आहे, दंडही किरकोळ, पण शिक्षा लागली की परवान्याचं नाव विसरा. "कोर्टाने विचारलं की नाही म्हणायचं. बस. पुढे बाई साक्षीला आहेत, त्या सांगतील काय झालं ते." मी तर भाषण तयार केलं होतं. भोक नसलेली साडी नेसून गेले होते. साक्षीदारांना बाहेर बसवतात म्हणून मी दाराशी बाकावर बसले, दार उघडं होतं.

न्यायाधीशांनी जीपच्या इंजिनाचा फोटो त्याच्यासमोर धरायला लावला. "ही जोडणी तुम्ही केलेली आहे का?"

चिमाजीने फोटो हातात घेतला. मी दाराच्या चौकटीतून त्याची पाठ पाहत होते. 'नाही म्हण,' मी मनात म्हणत होते, 'एकदा, एकदाच नाही म्हण मेल्या.' त्या फोटोत दोन तारा सरळ, शेजारी शेजारी, एकसारख्या वळवलेल्या होत्या. फोटो चांगला आला होता.

"हो साहेब," चिमाजी म्हणाला. "माझीच आहे. आधी जळाली ती माझी नव्हती. ही माझी."

त्यातलं पहिलं वाक्य कोर्टाने लिहूनही घेतलं होतं. वकिलांनी कपाळावर हात मारला. दंड इतका थोडा होता की कारकुनाला सुटे द्यायला वेळ लागला. माझी साक्ष झालीच नाही.

दिल्लीचं पत्र मात्र आता लगेच आलं. त्यांना लवकर उत्तर देता येतं हे तेव्हा समजलं. चिमाजी ते घेऊन वर आला, इंग्रजीत होतं म्हणून. मी मनात दोनदा वाचलं आणि मग त्याला सांगितलं की अर्ज निकाली काढलाय, खेद वाटतो असं लिहिलंय.

"कोणाला?" त्याने विचारलं.

"भारत सरकारला."

"असू दे," तो म्हणाला. पत्राची घडी केली आणि खाली जाऊन बॅटरीत पाणी घालत बसला. दुसऱ्या दिवशी सात वाजता रिसीव्हर लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. मला खालून खोकल्याचा आवाज आला आणि मी यंत्रावर डोकं ठेवून रडले. माझ्या सहीने हे झालं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

दोन हजार तीनला सिंहस्थ आला. खंडेरावांच्या कमरेला तोवर दोन मोबाईल लटकत होते आणि माझ्याकडे टायपिंगला चार मुली उरल्या होत्या. बंदोबस्तासाठी बाहेरून जीप मागवल्या होत्या, त्या सगळ्यांत वायरलेस बसवायचे होते आणि चालू असताना बंद पडून चालणार नव्हतं. आमच्या ठाण्यात विचार झाला, काम कुणाला द्यायचं? गोरक्ष आता जमादार झाले होते. त्यांनी एकच नाव सांगितलं. पोलिसांच्या जीपची रांग आमच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत लागली. ज्या हातांनी वायरलेस बसवला म्हणून शिक्षा झाली, त्या हातांना तेच काम सरकारी पत्राने मिळालं, आणि हे विचित्र आहे असं माझ्याशिवाय कुणालाही वाटलं नाही. चिमाजीला तर नाहीच. तो बॉनेट उघडत होता आणि तारा ओढत होता.

प्रत्येक सेट बसवल्यावर एकदा बोलून पाहावं लागे. तेवढ्यापुरता तो माईक ड्रायव्हरच्या हातात द्यायचा आणि दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. मी वरून पाहायचे. आठव्या दिवशी दुपारी एका जीपशी गोरक्ष जमादार एकटेच होते, दमलेले, हातात उसाच्या रसाचा ग्लास.

"चिमाजीशेठ, तुम्हीच बोला आता," ते म्हणाले. "कोन बघतंय? मीच सांगतोय ना, बोला."

चिमाजीने माईक हातात घेतला. बटणावर अंगठा टेकवला. मी खिडकीत उठून उभी राहिले.

"बोला हो चिमाजी!" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मला पर्वा नव्हती.

तो सेटकडे बघत होता. मग त्याने माईक जमादारांपुढे धरला. "मला परवाना नाही साहेब. तुम्ही बोला."

गोरक्ष जमादारांनी ग्लास बॉनेटवर ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाले, "हॅलो, चेक, चेक." पलीकडून लगेच उत्तर आलं, मला वर खिडकीत ऐकू आलं, "आवाज एकदम स्वच्छ येतोय. कोण बोलतंय?"

जमादारांनी आपलं नाव सांगितलं. चिमाजीने ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला, बॉनेट लावलं, आणि पुढची जीप आत घ्यायला सांगितली.